डिप्लोमसी बोर्ड गेम: सात सत्ता एकदम मस्त, बेल्जियमवर मात्र अन्याय

फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाचा भाग शून्य, असा युद्धाचा गेम हवा असेल तर डिप्लोमसी डोळे झाकून घ्या. १९५९ साली बाजारात आलेला, अमेरिकेतल्या अ‍ॅलन कॅल्हॅमरचा गेम आहे. नकाशा पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या युरोपचा, सुरुवात १९०१ पासून, खेळाडू सात म्हणजे इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली, रशिया आणि तुर्कस्तान. नकाशावरच्या ३४ सप्लाय सेंटरपैकी, म्हणजे सैन्य पोसणाऱ्या ठिकाणांपैकी, १८ ज्याच्याकडे तो जिंकला. चालीआधी सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं, पाहिजे तर बाल्कनीत जाऊन गुपचूप, मग आपापल्या ऑर्डर्स, म्हणजे सैन्याच्या चाली, कागदावर लिहायच्या आणि सगळे कागद एकदम उघडायचे. दिलेला शब्द पाळायचं बंधन कोणावरच नाही.

मागच्या खेपेला माझ्याकडे फ्रान्स होता आणि मावसभावाकडे जर्मनी. आमच्या मधल्या बर्गंडी प्रांतात सप्लाय सेंटर नाही, घेऊन फायदा काहीच नाही, म्हणून ठरलं की तो रिकामा ठेवायचा. पण त्याची म्युनिकची आर्मी तिथे आली तर माझं पॅरिस आणि मार्सेय दोन्ही धोक्यात, आणि माझी गेली तर त्याचं म्युनिक. मी लिहिलं पॅरिस ते बर्गंडी, त्याने लिहिलं म्युनिक ते बर्गंडी. कागद उघडले, बाउन्स, म्हणजे सारख्या ताकदीच्या दोन चाली एकमेकींना अडल्या! दोन्ही आर्म्या जागच्या जागी, नकाशावर काहीच बदललं नाही, पण शेवटपर्यंत आम्ही एकमेकांवर भरवसा ठेवला नाही. दोघंही म्हणत होतो की अरे मी फक्त बचावासाठी टाकली होती, आणि दोघंही खरंच बोलत होतो. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरही असंच झालं: १९१४ मध्ये ३० जुलैला रशियाने सगळं सैन्य जमवायचा हुकूम काढला आणि १ ऑगस्टला जर्मनी आणि फ्रान्सनेही, तेव्हा समोरचा आधी तयार झाला तर आपण संपलो हीच भीती होती. हे शाळेत वाचलेलं असतं, पण तो कागद स्वतःच्या हाताने लिहिताना पोटात गोळा येतो ना, तेव्हा कळतं.

इटलीचंही गेमने बरोबर पकडलंय, ती कुठेही वळू शकते. खरी इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या करारात होती, १९१४ ला तटस्थ राहिली, दोन्हीकडून बोली लावून घेतली, एप्रिल १९१५ मध्ये लंडनला गुप्त करार केला आणि मे महिन्यात ऑस्ट्रियावरच युद्ध पुकारलं.

आता तक्रार. नकाशावर १२ सेंटर तटस्थ देशांची आहेत, बेल्जियम, हॉलंड, डेन्मार्क, सर्बिया वगैरे, आणि सगळी रिकामी, एक आर्मी आत सरकवली की देश तुमचा. हे मला फार खटकतं. १८३९ च्या लंडन तहात बड्या सत्तांनी ज्याच्या तटस्थतेची हमी घेतली होती, त्या बेल्जियमला २ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीने १२ तासांची मुदत दिली, की आमच्या सैन्याला वाट द्या नाहीतर शत्रू समजू. त्यांनी नाही म्हणून कळवलं. लीजचे किल्ले १६ ऑगस्टपर्यंत लढले, आणि ऑक्टोबरच्या शेवटी भरतीच्या वेळी पाण्याची दारं उघडून त्यांनी समुद्र आत घेतला, इझर नदीकाठचा सखल भाग बुडवला आणि जर्मन सैन्य तिथेच थांबलं. एवढा लढलेला देश इथे नुसता एक ठिपका!

पोर्तुगालचंही तेच, बहुतेक वेळा फ्रान्स तो फुकटात घेतो. प्रत्यक्षात ब्रिटनच्या सांगण्यावरून पोर्तुगालने फेब्रुवारी १९१६ मध्ये आपल्या बंदरांत आसऱ्याला असलेली जर्मन जहाजं जप्त केली आणि ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं. अशी जहाजं आपल्या मुरगावलाही होती, म्हणजे गोवासुद्धा यात ओढला गेला.

आम्ही आता घरचा एक नियम लावतो, प्रत्येक तटस्थ सेंटरमध्ये एक जास्तीची आर्मी ठेवायची जी फक्त होल्ड करते, म्हणजे जागेवरच उभी राहते. मग बेल्जियम एका आर्मीने मिळत नाही, सपोर्ट म्हणजे दुसऱ्या सैन्याची साथ लागते, ती बरेचदा शेजाऱ्याकडे मागावी लागते आणि शेजारी त्याची किंमत वसूल करतो. गेम लांबतो पण कितीतरी खरा वाटतो.

सात जण आणि अख्खा रविवार असेल तरच काढा. माणसं जमत नसतील तर वेबडिप्लोमसी या वेबसाइटवर फुकट खेळता येतो. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. नवीन लोकांचा कॉन्व्हॉयच्या, म्हणजे आरमाराने आर्मी समुद्रापार नेण्याच्या, नियमात हमखास गोंधळ होतो, तेवढा सुरुवातीलाच सोंगट्या मांडून दाखवा.