हँडब्रेक: मोबाइलच्या फाइलीवरचा फुकट उतारा

अनंत चतुर्दशी उलटली की पुण्यात ढोल-ताशा पथकांच्या व्हिडिओंचं एडिटिंग सुरू होतं आणि दरवर्षी तीच तक्रार येते. क्लिपच्या सुरुवातीला सगळं जुळतं, दहाव्या मिनिटाला मात्र टिपरू ढोलावर आधी पडतं आणि ठोका मागाहून ऐकू येतो. शिव्या एडिटिंग सॉफ्टवेअरला पडतात, दोष बहुतेक वेळा मोबाइलच्या फाइलीत असतो. हँडब्रेक हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर याच कामाला उपयोगी पडतं. ते एडिटर नव्हे. फाइल घ्यायची आणि नव्याने एन्कोड करून, म्हणजे हव्या त्या स्वरूपात पुन्हा तयार करून द्यायची, इतकंच त्याचं काम, पण ते चोख करतं.

मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० स्थिर चित्रं, टिपतोय असं दाखवतो, पण उजेड कमी झाला की तो एक्स्पोजर वाढवतो आणि सेकंदाला कमी फ्रेम टिपतो. लक्ष्मी रोडवर रात्री मिरवणुकीत उजेड सतत बदलतो, त्यामुळे फ्रेमरेटही खालीवर होतो. काही एडिटर सगळ्या फ्रेम समान अंतराच्या धरतात आणि चित्र आवाजापासून हळूहळू सुटत जातं. आधी मीडियाइन्फो या फाइलीची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ‘फ्रेम रेट मोड’ पाहा. तिथे ‘व्हेरिएबल’ असेल तर निदान झालं. आवाज पहिल्या सेकंदापासून सारखाच मागे असेल तर मात्र हा आजार नाही. टाइमलाइनवर ऑडिओ सरकवला की काम झालं.

हँडब्रेकमध्ये ‘प्रॉडक्शन स्टँडर्ड’ हा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) निवडा. व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’वर सोडू नका, ३० निवडा आणि खाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करा. इथे २५ निवडण्याचा मोह टाळा: ३० च्या फाइलीतून दर सेकंदाला ५ फ्रेम गळतात आणि पथकाचा झेंडा झटके देत फिरतो. २५ हवेत तर ते शूटिंगच्या वेळीच, १/५० शटरसह. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांच्या पट्ट्याही त्याने आटोक्यात राहतात. क्वालिटीचा आकडा उलटा चालतो, कमी म्हणजे चांगलं. प्रीसेट हाताने बनवत असाल तर १०८०पीसाठी २० ते २४ मध्ये राहा. एक्स२६४ (एच.२६४ फाइल बनवणारा एन्कोडर) मध्ये साधारण ६ अंक खाली गेलं की फाइल दुप्पट होते. एनव्हिडिया कार्डाचा एन्कोडर वेगवान आहे, पण तितक्याच दर्जाला फाइल मोठी देतो.

एच.२६५ या जास्त दाबलेल्या स्वरूपाच्या फाइलीने टाइमलाइन अडकत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, बनवणारे प्रीसेट आहेत. त्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून मागेपुढे करताना लॅपटॉप गुदमरत नाही. फक्त क्रम चुकवू नका. आधी कॉन्स्टंट फ्रेमरेटची मूळ प्रत करा, मग तिचीच प्रॉक्सी. थेट मोबाइलच्या फाइलीवरून प्रॉक्सी केली तर शेवटी मूळ फाइल जोडताना कट सरकतात.

घरोघरच्या मुंजी-लग्नाच्या डीव्हीडींसाठीही हे उत्तम आहे. डीव्हीडीवरची एकेक व्हीओबी (व्हिडिओचा तुकडा) फाइल न उघडता अख्खं व्हिडिओ_टीएस फोल्डर द्या. हलत्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसत असतील तर फिल्टर्समध्ये ‘डीकॉम्ब’ लावा. ७२० बाय ५७६ चं चित्र १०८०पी करून तपशील वाढत नाही, फाइल मात्र फुगते. कॉपी प्रोटेक्शन असलेल्या डिस्क हँडब्रेक उघडत नाही.

आता मंगल कार्यालयातली एलईडी भिंत आणि ऐनवेळी न चालणारा पेनड्राइव्ह. चित्र आहे, आवाज नाही, म्हणजे बहुधा डीटीएस ऑडिओ, जे आवाजाचं स्वरूप अनेक प्लेअरना वाचता येत नाही. तो एएसी स्टिरिओ, १६० केबीपीएस करा. चित्रच नसेल तर १०-बिट एच.२६५ चा संशय घ्या आणि एच.२६४, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.० ची १०८०पी, ३० फ्रेमची फाइल द्या. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. ८ एमबीपीएसने तासाभराचा व्हिडिओ ३.६ जीबी होतो, म्हणून बसतो. मराठी सबटायटल चिकटवायची तर एसआरटी (सबटायटलची) फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात सेव्ह केलेली हवी, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन नाहीतर भलतीच अक्षरं येतील.

उणिवाही आहेत. दोन क्लिप जोडता येत नाहीत. पुन्हा एन्कोड न करता नुसतं कापताही येत नाही. जुन्या आवृत्त्यांत मूव्ह किंवा प्रोरेस (एडिटिंगसाठीची स्वरूपं) मिळत नव्हतं, फक्त एमपी४, एमकेव्ही आणि वेबएम. इंटरफेस पहिल्यांदा उघडणाऱ्याला घाबरवतो, आणि त्यातली निम्मी बटणं कधी लागतच नाहीत. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज तासाभरात थोडा सरकला तर तो दोन यंत्रांच्या घड्याळांतला फरक असतो. त्यावर हँडब्रेकचा काही इलाज नाही, एडिटरमध्ये ऑडिओ किंचित ताणावा लागतो.

रांग लावून रात्रभर एन्कोडिंग सोडायची सोय मस्त आहे, पण गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणार असेल तर बेत बदला. एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे अर्धवट फाइल उघडतच नाही आणि ती पहिल्यापासून करावी लागते. मोबाइल मध्येच बंद पडून अशी झालेली क्लिपही हँडब्रेक वाचवत नाही. तिथे अनट्रंक हे तुटलेल्या फाइली दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर वापरा. त्याला त्याच मोबाइलवरची, त्याच सेटिंगची एक धड क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते.

डाउनलोड फक्त handbrake.fr या अधिकृत साइटवरूनच, आणि चेकसम (फाइल अस्सल आहे का हे तपासायचा आकडा) जुळवून. मे २०१७ मध्ये त्यांच्याच एका मिरर सर्व्हरवर (डाउनलोडची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) मॅकच्या आवृत्तीत मालवेअर घुसवलं गेलं होतं. विंडोजवर सॉफ्टवेअर उघडतच नसेल तर बहुधा मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम टाकायचं राहिलेलं असतं.