एआय एजंटसाठी वाय-फायनान्स: साधन चांगलं, पण टूलचं वर्णन स्वतः लिहा

आयटी पार्कातलं छोटं ऑफिस असो की इतवारीतला सब-ब्रोकर, बाजारभावावर एआय एजंट (स्वतःहून टूल वापरून उत्तर देणारं मॉडेल) बांधायचा झाला की याहू फायनान्सवरचे भाव आणणारी वाय-फायनान्स ही पायथन लायब्ररी सगळ्यात आधी हाताशी येते. ती फुकट आहे, एपीआय की (वापराच्या परवानगीचा कोड) लागत नाही, आणि आपल्या नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजचे पाच वर्षांचे भाव तीन ओळींत मिळतात. कोड वाचता येणाऱ्या माणसासाठी ती झकास आहे. एजंटला मात्र ती टूल म्हणून जोडून दिली जाते. त्याला लायब्ररीचा कोड दिसत नाही, दिसतं ते टूलच्या वर्णनातलं चार ओळींचं लिखाण. त्यात जे नाही, ते मॉडेल अंदाजाने भरतं.

सगळ्यात मोठी अडचण चुकीच्या सिम्बॉलची, म्हणजे शेअरच्या बाजारातल्या लघुनामाची. सिम्बॉल चुकला तर डाउनलोड फंक्शन एरर फेकत नाही. लॉगमध्ये एक ओळ टाकतं आणि रिकामा टेबल परत देतं. लॉग एजंटपर्यंत पोचत नाही, आणि रिकाम्या टेबलावरून मॉडेल बिनधास्त एखादा भाव सांगून मोकळं होतं. म्हणून रॅपरमध्ये (लायब्ररीभोवती आपण लिहिलेल्या कोडमध्ये) टेबल रिकामा आहे का ते आधी तपासा आणि स्पष्ट वाक्य परत द्या: ‘या सिम्बॉलसाठी डेटा मिळाला नाही, भाव सांगू नकोस.’ हे एवढं एक काम केलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

सिम्बॉलचे नियमही वर्णनातच हवेत. एनएसईसाठी शेवटी डॉट एनएस, बीएसईसाठी डॉट बीओ. निफ्टी आणि सेन्सेक्सचे सिम्बॉल वेगळे, ते जसेच्या तसे लिहून द्या. महिंद्रा अँड महिंद्राच्या सिम्बॉलमध्ये ‘अँड’चं चिन्ह आहे, स्वतः यूआरएल बनवत असाल तर ते एन्कोड करावं लागतं. झोमॅटोचं नाव २०२५ मध्ये इटर्नल झालं आणि सिम्बॉलही बदलला. मॉडेलच्या डोक्यात जुनाच बसलेला असतो, तेव्हा बदललेल्या सिम्बॉलची छोटी यादी टूलमध्येच ठेवा.

इंटरव्हलमध्ये (किती काळाचा एकेक भाव हवा त्यात) ‘१एम’ म्हणजे एक मिनिट आणि ‘१एमओ’ म्हणजे एक महिना. एजंट इथे हमखास घसरतो. मोकळा मजकूर स्वीकारूच नका, चालणारे पर्याय एनममध्ये (ठरलेल्या पर्यायांच्या यादीत) बांधून द्या. शेवटची तारीख निकालात धरली जात नाही हेही लिहा: २८ ऑक्टोबरचा भाव हवा असेल तर शेवट २९ द्यावा लागतो.

आता समायोजित भाव, जिथे खरे पैसे अडकतात. नव्या व्हर्जनमध्ये डाउनलोड करताना ऑटो-अ‍ॅडजस्ट आपोआप चालू असतं, म्हणजे बोनस, स्प्लिट आणि लाभांश वजा करून भाव येतो. ते बंद केलं तरी बोनस-स्प्लिटचं समायोजन राहतंच, फक्त लाभांशाचं निघतं. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. त्याच्या लगेच आधीच्या दिवसांचा भाव विचारा, ग्राहकाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरच्या (ब्रोकरने दिलेल्या सौद्याच्या पावतीवरच्या) आकड्याच्या साधारण निम्मा येईल. ग्राहक म्हणेल भाव चुकला, आणि त्याच्या बाजूने तो बरोबरच असेल. कॉन्ट्रॅक्ट नोटशी किंवा कराच्या हिशेबाशी ताळा लावायचा असेल तर हे साधन वापरू नका, एनएसईची त्या दिवसाची भावकॉपी (एक्सचेंजने दिलेली भावांची यादी) घ्या. टूलच्या प्रत्येक उत्तरात ‘समायोजित: होय’ असं फील्ड पाठवा, नुसतं वर्णनात लिहून भागत नाही.

इन्फोमधल्या (कंपनीची माहिती देणाऱ्या डिक्शनरीतल्या) फील्डची एककं तर आणखी वाईट. डिव्हिडंड यील्ड टक्क्यांत येतं, पण त्याच डिक्शनरीत ट्रेलिंग वार्षिक यील्ड (मागच्या बारा महिन्यांचं) अपूर्णांकात. डेट-टू-इक्विटी पुन्हा टक्क्यांत, मार्केट कॅप पूर्ण रुपयांत. एजंटने कोटी समजून वाचलं की संपलं. इन्फो कच्ची कधीच देऊ नका. लागणारी आठ-दहा फील्ड निवडा आणि एकक नावातच घाला, ‘मार्केट कॅप कोटी’ असं.

वेळेचंही तसंच. बाजार चालू असताना शेवटची ओळ अपुऱ्या दिवसाची असते, त्यावर ‘क्लोज’ लिहिलेलं असलं तरी. ‘शनिवारी बाजार बंद’ असा सरसकट नियमही लिहू नका. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार होता आणि अर्थसंकल्पासाठी बाजार पूर्ण वेळ चालू होता. दिवाळीच्या मुहूर्त सौद्यांची वेळही दरवर्षी एक्सचेंज ठरवतं. सुट्ट्यांची यादी वेगळं टूल म्हणून द्या.

अभ्यासासाठी आणि घरच्या प्रयोगांसाठी जरूर घ्या. ग्राहकांना दाखवायच्या सेवेत घेऊ नका. ही याहूची अधिकृत लायब्ररी नाही, डेटा वैयक्तिक वापरापुरता आहे, आणि एजंट एकामागून एक विनंत्या मारायला लागला की याहू अडवतं. निकाल काही मिनिटं कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवा, अडवल्याची एरर एजंटला वेगळी कळवा, नाहीतर तो तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. व्हर्जन पक्की करून ठेवा. अपडेट करण्याआधी सोलर इंडस्ट्रीज, रिलायन्स आणि महिंद्राचे मागच्या काही तारखांचे भाव जुन्या निकालाशी जुळवून बघा, मगच नवी व्हर्जन चालू करा.