साउंड लेव्हल मोजायला काय घ्यावं: मोबाईल ॲप, साधा मीटर, क्लास २ मीटर की लॅपटॉप आणि माईक?

गणपती, शिवजयंती, भीमजयंती, लग्नसराई आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा, सोलापुरात साउंडवाल्याला कामाची कमी नाही, आणि आता प्रत्येक ठिकाणी कुणीतरी येऊन विचारतंच की मालक, किती डेसिबल चाललंय? पूर्वी "बरोबर हाय ओ" म्हणून भागायचं, आता आकडा सांगावा लागतो. धंद्यात नवीन आलेली पोरं सारखी विचारतात मोजायला काय घेऊ, म्हणून चारही पर्याय समोरासमोर ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, कंपनी कुठली ते नंतर बघा, आधी दोनच गोष्टी बघा: तो मीटर कॅलिब्रेटर (ठरलेल्या डेसिबलचा सूर काढणारा डबा) लावून तपासता येतो का, आणि त्यात एलइक्यू (ठरावीक वेळेतल्या आवाजाच्या ऊर्जेची सरासरी) आहे का.

मिक्सरवरचा मीटर बघून आवाज कळतो असं धरून चालणारे बरेच आहेत. तो मीटर फक्त मिक्सरमधल्या सिग्नलची पातळी दाखवतो. डिजिटल मिक्सरवर शून्य म्हणजे छत, त्याच्यावर गेलं की सिग्नल फाटतो, एवढंच तो सांगणार. पुढं ॲम्प्लिफायर किती उघडलाय, बॉक्स किती आहेत, माणूस किती लांब उभा आहे यातलं त्याला काहीच माहीत नसतं. मिक्सरवर तीच हिरवी पट्टी दिसत असताना छोट्या हॉलमध्ये कान दुखतील आणि होम मैदानावर शेवटच्या रांगेला शब्दसुद्धा कळणार नाही. हवेतला आवाज हवेतच मोजावा लागतो.

आता पहिला पर्याय, मोबाईल ॲप. फुकट, खिशात कायम असतं, म्हणून सगळे इथूनच सुरू करतात. आयफोन असेल तर अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचं ॲप चांगलं आहे, पण ते अँड्रॉइडवर त्यांनी दिलेलंच नाही, कारण अँड्रॉइडचे फोन इतक्या कंपन्यांचे आणि प्रत्येकाचा माईक वेगळा, आकड्याची खात्री कोण देणार. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजात तो दबतो, खालचा बेस बऱ्याच फोनमध्ये कापलाच जातो, आणि वर कव्हरनं भोक अर्धं झाकलेलं. म्हणजे डॉल्बीची भिंत समोर असताना जिथं खरा आकडा पाहिजे नेमकं तिथंच फोन कमी दाखवणार. तरी टाकाऊ नाही, एकाच फोननं एकाच जागी उभं राहून "साउंडचेकपेक्षा आता किती वाढलंय" हा फरक बघायला ठीक आहे. तो आकडा बाहेर कुणाला सांगू नका.

दुसरा, दीड-दोन हजारापासून मिळणारा हातातला डिजिटल मीटर. हा आणि फोन यात मोठा फरक असा की चांगल्या मॉडेलला पुढं अर्ध्या इंचाचा माईक असतो आणि बाजूला किंवा मागं एक बारीक स्क्रू. कॅलिब्रेटर म्हणजे हातात मावणारा डबा, तो १ किलोहर्ट्झचा ९४ डेसिबलचा सूर काढतो, माईक त्यात घालायचा आणि घड्याळाच्या पेचकसानं तो स्क्रू हळूहळू फिरवायचा, स्क्रीनवर ९४.० आलं की थांबायचं. एवढं केलं की स्वस्तातला मीटरसुद्धा कामाचा होतो. घेताना ए आणि सी अशी दोन्ही वेटिंग (म्हणजे मोजताना बेसपासून ट्रेबलपर्यंत कुठल्या सुराला किती धरायचं, त्याची पद्धत) आहेत ना ते बघा, काही मॉडेलमध्ये फक्त ए असतं, ते घेऊ नका.

का घेऊ नका ते नीट सांगतो, कारण इथंच सगळी भांडणं होतात. ए वेटिंग बेस जवळजवळ मोजतच नाही. ५० हर्ट्झला ए साधारण ३० डेसिबल कापतं, सी जेमतेम एक-सव्वा. म्हणजे त्याच ५० हर्ट्झच्या सुराला सी वर १०० दिसत असेल तर ए वर ७१ च्या आसपास दिसणार! साउंडवाला ए चा आकडा दाखवून म्हणतो आवाज मर्यादेत आहे, आणि समोरच्या घरातल्या आजी म्हणतात खिडकी हादरतीय, भांडी वाजायलीत. दोघंही खरं बोलतात. नियम ए वर आहेत हे खरं, पण सी आणि ए यातला फरक पंधरा-वीसच्या पुढं गेला की मी सबचा (खालचा बेस काढणाऱ्या बॉक्सचा) फेडर खाली ओढतो, कुणी तक्रार करायची वाट बघत नाही. आजारी माणूस घरात असतो, तान्ही बाळं असतात, त्यांच्यापर्यंत बेसच पोचतो.

या साध्या मीटरची खरी अडचण म्हणजे एलइक्यू नसतो. फास्ट म्हणजे १२५ मिलिसेकंद, स्लो म्हणजे १ सेकंद, आणि मॅक्स होल्ड म्हणजे सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवणं, बस. आकडा सारखा नाचतो, नेमका कुठला लिहायचा? समजा ९ मिनिटं ७० वर चाललं आणि १ मिनिट १००, तर साधी सरासरी काढली तर ७३ येते, पण आवाजाच्या ऊर्जेची सरासरी म्हणजे एलइक्यू येतो ९०. त्या एका मिनिटानंच सगळा हिशोब फिरवला. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा एलइक्यूमध्येच दिलीय: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक ठिकाणी स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. म्हणजे निवासी भागात दिवसा हद्दीवर ६५. हे आकडे स्टेजसमोरचे नाहीत, हद्दीवरचे आहेत, हे मंडळाच्या पोरांना मिरवणुकीआधीच बसवून सांगा.

म्हणून तिसरा पर्याय, इंटिग्रेटिंग म्हणजे एलइक्यू काढणारा क्लास २ मीटर. क्लास हा आयईसी ६१६७२ या आंतरराष्ट्रीय मानकातला शब्द आहे, क्लास १ जास्त काटेकोर, क्लास २ ला थोडी जास्त सूट. क्लास १ लाखांत जातो, भाड्यानं साउंड देणाऱ्याला त्याची गरज नाही असं मला वाटतं. क्लास २ साध्या मीटरच्या कितीतरी पट महाग आहे, पण एलइक्यू मिळतो, रात्रभराचं रेकॉर्डिंग मिळतं, आणि सोबत कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र येतं. महापालिकेचे, कॉलेजचे, कंपन्यांचे कार्यक्रम करणाऱ्यांनी यातच पैसे घालावेत. एक मात्र लक्षात ठेवा, पोलिसांची किंवा प्रदूषण मंडळाची मोजणी ती त्यांचीच, तुमचा मीटर दाखवून ती रद्द होत नाही. तुमची नोंद कामाला येते ती आयोजकाशी बोलताना, "साडेनऊला मी कमी केलं होतं, हा बघा आकडा" असं म्हणायला. बाजारात नुसतं "क्लास २" छापलेले मीटरही असतात, तेव्हा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

चौथा पर्याय लॅपटॉप आणि मेजरमेंट माईक, आणि हा वेगळ्याच कामाचा आहे. मीटर एक आकडा देतो, हा त्या आकड्याच्या आत काय आहे ते दाखवतो. मंगल कार्यालय घ्या, फरशी, पत्रा, मोकळ्या भिंती, मंगलाष्टकं चालू आहेत पण भटजींचा शब्द कळत नाही, मीटर म्हणतो ८५. काय करणार त्या ८५ चं? माईक लावून आरईडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं की खाली १५०-२०० हर्ट्झला फुगवटा दिसतो, घुमणं किती सेकंद टिकतंय ते दिसतं, मग ईक्यूला (बेस, मधला, ट्रेबल वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय) हात कुठं लावायचा ते कळतं, आणि बऱ्याचदा आवाज वाढवण्याऐवजी कमी करूनच शब्द स्पष्ट होतो. युमिक-१ हा यूएसबी माईक इथं सोपा पडतो, प्रत्येक माईकच्या सिरीयल नंबरची कॅलिब्रेशन फाईल मिळते आणि त्यात सेन्सिटिव्हिटी (किती आवाजाला माईक किती सिग्नल देतो ते) असते, त्यामुळं डेसिबलचा आकडाही जवळपास बरोबर येतो. बेहरिंगरचा ईसीएम८००० सारखा फँटमवरचा (केबलमधूनच वीज लागणारा) माईक घेतला तर इंटरफेसचा, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा, गेन हलला की आकडा गेला, तिथं कॅलिब्रेटर लागणारच. पण स्मार्ट (Smaart) या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे मिक्सरमधून गेलेला आणि माईकवर आलेला सिग्नल यांची तुलना, बघून लाईन ॲरे (एकाखाली एक टांगलेले बॉक्स) आणि सब जुळवायचे असतील तर हाच रस्ता, दोन इनपुटचा इंटरफेस, एकात मिक्सरचा सिग्नल आणि दुसऱ्यात माईक, यूएसबी माईकनं ते जमवणं अडचणीचं होतं. तोटा सांगायचा तर मिरवणुकीत ट्रॅक्टरवर लॅपटॉप कुठं धरणार, आणि आपल्याकडं मे महिन्यात ऊन बेचाळीसच्या पुढं, धूळ तर विचारूच नका. हे हॉलचं आणि स्टेजच्या सेटअपचं हत्यार आहे.

तर मंडप, मिरवणूक, छोटी लग्नं करत असाल तर ए-सीवाला आणि कॅलिब्रेशनचा स्क्रू असलेला साधा मीटर घ्या, त्यात एलइक्यू नसतो हे धरून चाला, पण मोठा खर्च नको. हॉल आणि नाटकं जास्त असतील तर आधी युमिक आणि आरईडब्ल्यू, त्यात एलइक्यूही मिळतो. स्टेज शोची मोठी कामं आणि लेखी अटी असतील तर थेट क्लास २. स्टुडिओत जाहिराती, व्हॉइसओव्हर करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, त्यांना फाईलची लाऊडनेस म्हणजे एलयूएफएस बघायची असते, त्यासाठी यातलं काहीच घ्यायची गरज नाही, प्लगइन पुरतो.

मोजताना मीटर छातीशी धरू नका, अंगावरून आवाज परत येतो, हात लांब करा किंवा स्टँडवर कानाच्या उंचीला लावा, वाऱ्यात फोमची टोपी घाला. आणि स्पीकर बंद असताना आधी एकदा मोजाच. सात रस्त्यासारख्या ठिकाणी नुसती वाहनंच किती असतात, समजा बंद असताना ६८ आणि चालू केल्यावर ७१ आलं, तर तुमच्या स्पीकरचा वाटा ६८ च आहे, कारण डेसिबलची साधी बेरीज होत नाही, ६८ आणि ६८ मिळून ७१ होतात, सगळं खापर तुमच्यावर फुटायला नको.

कॅलिब्रेटर बऱ्याचदा साध्या मीटरपेक्षा महाग पडतो म्हणून कुणी घेत नाही. चार-पाच साउंडवाल्यांनी मिळून एक घ्या, एकाच्या गोडाऊनला ठेवा, कार्यक्रमाला निघायच्या आधी आणि आल्यावर मीटर त्यात घालून दोन्ही आकडे वहीत लिहा, आणि दोन्हीत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवशीचे आकडे कुणाला दाखवू नका.