आईची कवळी आणि पोरीची दाढ, एकाच फेरीत (बेळगावात टिळकवाडीतला दाताचा दवाखाना)

खानापूरहून आईला वरच्या कवळीसाठी घेऊन गेलतो, सोबत ६ वर्षांची पोरगी पण, म्हटलं एकाच फेरीत दोघींचं होऊन जाऊदे. डॉक्टरीणबाई मराठी कन्नड दोन्ही बोलतात त्यामुळे आई एकदम निवांत, ४० वर्षांची मिश्री तिनं आपणहून कबूल केली ओ! बाई रागावल्या नाहीत, मिश्री म्हणजे तंबाखूच, त्यानं हिरड्या दातापासून सुटतात एवढंच सांगितलं, आणि कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, उकळतं पाणी नको, वाकडी होते.

मग पोरीची मागची दाढ दाखवून मला विचारलं ही दुधाची की कायमची? मी म्हटलं दुधाची, पडेल की. तर ती पक्की दाढ, कुठला दात न पडता मागं गपचूप येते म्हणे, आणि त्यात कीड सुरू झालेली. पेस्ट फ्लोराईडवाली, वाटाण्याएवढीच, आणि थुंकल्यावर लई चुळा भरायच्या नाहीत, हे मला पण नवीन.

आता वाईट ते. ११ ची वेळ देऊन दीडला नंबर, पावती पण मागितल्यावरच. बाहेर पडल्या पडल्या पोरगी कुंद्यासाठी (बेळगावची दुधाची मिठाई) अडून बसली, घेतला, काय करणार. ३ स्टार, वेटिंगमुळे.