मिरर फिल्म, आठ महिन्यांनंतर: ऊन अडलं, रेंजही अडली

उन्हाबद्दल तक्रार नाही. पश्चिमेच्या खिडकीवरची चंदेरी फिल्म आहे तशी आहे, कडा सुटल्या नाहीत, बुडबुडे नाहीत. तक्रार आहे ती दुकानदाराच्या ‘सिग्नलला काही होत नाही हो’ या वाक्याची. होतं.

चमक येते ती धातूच्या अतिपातळ थरामुळे, आणि तोच सलग थर मोबाइलच्या लहरी परतवतो. आरसीसी घरात रेंज मुख्यतः खिडकीतूनच येते. रेघा मोजू नका. अँड्रॉइडमध्ये सिम स्टेटसखाली डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: -९० बरा, -११० च्या खाली बोलणं तुटायला लागतं. खिडकी बंद केली की -९४ चा -११३ व्हायचा. १० चा फरक म्हणजे शक्ती दहा पटींनी कमी, तेव्हा १९ म्हणजे जवळपास ८० पट! फोन मग जास्त जोर लावतो, गरम होतो, बॅटरी उतरते. फोन मध्येच बँड (लहरींचा पट्टा) बदलतो, म्हणून एकाच जागी तीन-चारदा मोजा. घरातल्या राउटरचं वायफाय मात्र शाबूत राहतं. वायफाय कॉलिंग चालू केलं तर निम्मी कटकट तिथेच मिटते.

इथवर सगळं खापर फिल्मवर फोडलं होतं. पण काच सरकवली तरी आकडा पुरता सुधारेना. कारण मच्छरजाळी, स्टेनलेस स्टीलची! ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर लांब, जाळीचं भोक जेमतेम मिलिमीटरभर. त्या लहरीला ती जाळी नाहीच, पत्रा आहे. फायबरग्लासची जाळी घाला, स्वस्तही पडते. फिल्मवर इतकी चर्चा होते, जाळीचं नाव कुणी काढत नाही.

नवी फिल्म घेणार असाल तर धातूचा थर नसलेली घ्या, नॅनो-सिरॅमिक किंवा साधी रंगीत. दुकानात दिव्याची उष्णता दाखवतात, उन्हासाठी ती पुरे. सिग्नलसाठी मात्र नमुन्याचा मोठा तुकडा मागा, फोन त्यात दोन वेढे गुंडाळा, टोकं दुमडा आणि आकडा बघा. फोनसमोर नुसता तुकडा धरून काही कळत नाही, लहर बाजूने वळून येते. मल्टिमीटरही फसवतो, कारण धातू पॉलिएस्टरच्या थरांत दडलेला असतो.

लावून बसला असाल तर सगळी काढू नका. एका पल्ल्याची पुरे. हेअर ड्रायरने कोपरा गरम करून हळू सोलायची, उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा. बाकीच्या पल्ल्यांवर आहे तशीच ठेवली आहे. चौरस फुटाच्या दराने पैसे मोजलेत.