गोळी चालू ठेवावी की उतरवावी: दोघांचा हिशेब

कुणी जरा वेगळं बोललं की मुंबईकर ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणून हसतात. आम्ही राहतोच ठाण्यात. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, तेव्हापासून ही थट्टा गावाला चिकटली असणार. माझी एस्सिटालोप्रामची, म्हणजे नैराश्यावरच्या गोळीची स्ट्रिप सहा वर्षं व्हिटॅमिनच्या डबीत राहिली, तीही त्या हसण्याला भिऊनच. मला नैराश्य दोनदा येऊन गेलेलं. ऐरोलीच्या मावसभावाला बायपोलर (कधी नैराश्य, कधी अतिउत्साहाची लाट), म्हणून लिथियम. दोघांनाही एकाच वर्षी वाटलं, आता पुरे झाल्या गोळ्या. तुम्हालाही तसं वाटत असेल तर आमच्या दोघांचं शेजारीशेजारी ठेवून बघा.

आधी हे, की ‘गोळी बंद’ ही एकच गोष्ट नाही. माझी गोळी आणि त्याची गोळी यांची तुलना नुसत्या ‘सायकियाट्रीच्या गोळ्या’ म्हणून केली तर फसगत होते. डॉक्टर म्हणतात, शुगरच्या गोळीसारखं समजा. मला ही उपमा अर्धीच पटते. शुगर वाढली तर रिपोर्टात दिसते. मनाचा रिपोर्ट कुठल्या लॅबमध्ये मिळतो?

चालू ठेवण्याच्या बाजूने

नैराश्यापुरतं बोलायचं तर ब्रिटनमधल्या एका चाचणीचे आकडे २०२१ साली आले. गोळ्या घेऊन बऱ्या झालेल्या आणि बंद करायचा विचार करणाऱ्या ४७८ जणांपैकी साधारण निम्म्यांची गोळी चालू ठेवली, बाकीच्यांची हळूहळू उतरवली. कोण कुठल्या गटात आहे, हे त्यांना सांगितलं नव्हतं. वर्षभरात चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के पुन्हा आजारी पडले, बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के. नवऱ्याने हे वाचलं आणि म्हणाला, ‘बघ, बंद नको करूस.’ मी तेच वाचून म्हटलं, बंद करूनही शंभरातल्या ४४ जणांना वर्षभर काही झालं नाही, आणि घेऊनही ३९ जणांचं व्हायचं ते झालंच. दोघंही खरंच बोलत होतो. फरक इतकाच, की आजार जितक्या वेळा येऊन गेला असेल तितकी तो परतण्याची शक्यता जास्त.

सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या गोळ्यांत पारडं आणखी झुकतं. इंग्लंडमधलीच २०२३ची चाचणी: डोस कमी करत नेलेल्यांपैकी दोन वर्षांत २५ टक्क्यांचा आजार गंभीरपणे उलटला, चालू ठेवलेल्यांत १३ टक्क्यांचा. आणि लोकांत मिसळणं, कामधंदा यांत दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे जोखीम घेऊन हाती काय लागलं, हा प्रश्न उरतोच.

उतरवण्याच्या बाजूने

हे डॉक्टरांपेक्षा घेणाऱ्यालाच जास्त ठाऊक असतं. आजेसासूबाई गेल्या तेव्हा सगळं घर रडत होतं आणि मी कोरड्या डोळ्यांनी चहाचे कप मोजत होते. दुःख कळत होतं, पण काचेपलीकडचं. शरीरसंबंधाची इच्छा मावळते, तेही दवाखान्यात सहसा कुणी स्वतःहून विचारत नाही. आपणच तोंड उघडावं लागतं. भावाचं गाऱ्हाणं वेगळं: हात थरथरतात, सारखी तहान, आणि रक्तातलं लिथियम, थायरॉइड, किडनी तपासायला दर काही महिन्यांनी सुई. ओलांझापिन या सायकोसिसच्या गोळीवाल्यांचं वजन सुटतं. या तक्रारी नखरे नव्हेत. पण यातल्या बऱ्याच गोष्टी डोस कमी करून किंवा गोळी बदलून सुटू शकतात, बंदच करावी लागते असं नाही.

सांगून आणि गुपचूप

खरी तुलना इथे आहे. चालू की बंद यावर लोक तासन्‌तास बोलतात. प्रत्यक्षात पुष्कळजण कुणाला न सांगता बंद करून मोकळे होतात. भावाने तेच केलं. मुलगी बघायला जायचं होतं, हात थरथरताना दिसू नयेत म्हणून लिथियम एका रात्रीत सोडलं. पाचव्या आठवड्यात झोप गेली, पहाटे तीनला तो घणसोलीतल्या मित्राला नव्या धंद्याचे आकडे समजावत होता. लिथियम अचानक सोडलं तर मॅनिया, म्हणजे ती अतिउत्साहाची लाट, उसळून येण्याचा धोका वाढतो; निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन उतरवतात. ही गोष्ट त्याला माहीत नव्हती, कारण त्याने डॉक्टरांना विचारलंच नाही; विचारलं असतं तर बंद करू दिलं नसतं, अशी त्याची खात्री होती.

मीही एकदा पडलेच. आधीच्या डॉक्टरांनी दहा मिलिग्रॅमची पाच, आणि पंधरा दिवसांत शून्य केली. चौथ्या दिवशी ठाणे स्टेशनच्या पुलावर मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं. मला वाटलं, आजार परतला. आताच्या डॉक्टरांनी खूण सांगितली: गोळी सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांत येतो, चक्कर-करंट घेऊन येतो आणि गोळी घेतली की लवकर ओसरतो. आजार मात्र आठवड्या-महिन्यांत, पावलं न वाजवता येतो.

आणखी एक गणित त्यांच्याकडूनच कळलं. पॉवर निम्मी केली म्हणून मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही. वीसवरून दहावर येणं सोपं. खरी ओढाताण पाचच्या खाली, तिथे जरा कपात केली तरी मोठी पडते. शेवटची पायरी सगळ्यांत लांब ठेवायची ती म्हणून. नैराश्याच्या इतर गोळ्यांत पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन सुटताना जास्त छळतात, फ्लुओक्सेटिन अंगातून सावकाश जाते म्हणून कमी. तुमच्या स्ट्रिपवर एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम (घबराट-झोपेचं औषध) लिहिलेलं असेल तर थांबा. ती गोळी मोडली की दोन्ही औषधं एकदम कमी होतात, आणि रोज घेतलेलं क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. आधी दोन वेगळ्या गोळ्या लिहून मागा.

खर्चाचं काय? एस्सिटालोप्रामची जेनेरिक स्वस्त आहे, तो मुद्दा मी मोजतच नाही.

मला विचाराल तर: नैराश्य एकदाच, बरं होऊन बरेच महिने झालेले, घर-नोकरी स्थिर, तर डॉक्टरांना सांगून उतरवून बघायला हरकत नाही. बायपोलर किंवा सायकोसिस असेल तर मी आधी डोसवर भांडेन, बंदवर नाही. दोन्हीकडे घरातल्या एकाला आपली सुरुवातीची लक्षणं लिहून द्या. भावाच्या बायकोकडे आता तो कागद आहे: ‘दोन रात्री झोप नाही, नवीन खर्च, मोठा आवाज.’ (लग्न झालं त्याचं, सगळं सांगून.) आजार उलटला तर कसे उपचार हवेत नि कसे नकोत, हे आधी लिहून ठेवायचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दिलाय. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट.

भाऊ लिथियमवरच आहे, पूर्वीपेक्षा कमी डोसवर. थरथर पुष्कळ उतरली. माझी सध्या पाचची अर्धी चालू आहे. पुढची कपात श्रावणात ठरली होती, पण सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून डॉक्टर आणि मी दोघांनी मिळून ती दिवाळीनंतर ढकलली.