वायपरच्या टाकीची गळती: दहा महिन्यांनंतर काय टिकलं, काय नाही

आपली गाडी २०१० ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, बाबांनी घेतलेली, सव्वा लाख किलोमीटर झालेत. मागच्या मार्चात असं व्हायला लागलं की रात्री वायपरची टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि सकाळी लिव्हर ओढला की नुसती घुर्रर्र, काच कोरडी ठणठणीत. खाली फरशीवर डाव्या चाकापुढे ओल. आधी वाटलं रेडिएटर गेला, पण बोट लावून बघितलं तर साधं पाणी, ना रंग ना कूलंटचा बुळबुळीतपणा, तेव्हा जीवात जीव आला.

गॅरेजवाला म्हणाला, "पूरी बॉटल बदलेगी भिया", चौदाशे रुपये, मजुरी धरून. बाबा पण तेच, "अरे बदलून टाक ना, कशाला खेळत बसतोस." मी खेळत बसलो. आणि पहिली चूक तिथेच केली, वरून हात घालून जिथे ओलं लागलं तिथे ती मळून लावायची पुट्टी थापली. नऊ दिवस टिकली, दहाव्या दिवशी पापड्यासारखी अख्खी हातात आली. दोष पुट्टीचा नाही. आमची टाकी पॉलीप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची आहे, हात लावला तर मेणचट लागते, त्यावर पुट्टी काय, झटपट गोंद काय, काहीच धरत नाही. नंतर टाकी काढली तर बाजूला 'पीपी' असं कोरलेलंच होतं, आधी कोण बघतो!

मग ठरवलं की आधी पाणी नक्की कुठून जाऊन राहिलंय ते बघू. आमच्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा, उरलेला गुलाबी रंग घरात होता, तो चमचाभर टाकीत घातला. हे तुम्ही करू नका. गळती सापडली, पण तो रंग पुरता विरघळत नाही, काचेवर फवारा मारणारं एक नोझल बंद पडलं आणि पांढऱ्या बोनेटवर जे गुलाबी ओघळ आले ते बघून बायको आठवडाभर "गेर संपली नाही वाटतं अजून" म्हणत होती. बेकरीवाला खायचा रंग दोन थेंब टाका, पुरे.

आमच्या गाडीत टाकीचं नुसतं तोंड बोनेटखाली दिसतं, बाकी सगळी मडगार्डच्या आत. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकावरच्या प्लास्टिकच्या क्लिपा काढल्या (सहातल्या दोन तुटल्या, आधीच चार जास्तीच्या आणून ठेवा) की हात जातो. तर गुलाबी डाग होता पंपाच्या बुडाशी. पंप टाकीत एका रबरात, म्हणजे ग्रोमेटमध्ये, नुसता दाबून बसवलेला असतो. आमचं रबर पंधरा उन्हाळे खाऊन लाकडासारखं कडक झालेलं, नखाने दाबलं तर दबतच नव्हतं. खाली परात ठेवून पंप फिरवत ओढला, आतल्या जाळीवर हिरवट शेवाळ, ते पण धुतलं. नवीन रबर तीस रुपये! जुनं सोबत घेऊन जा, भोकाचं माप गाडीगाडीला वेगळं असतं. बसवताना साबणाचं पाणी लावलं, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, बऱ्याच रबरांना ते फुगवतं.

मला वाटलं झालं काम. टाकी भरली, पातळीवर मार्करने रेघ मारली, सकाळी बघतो तर पाणी पुन्हा खाली! पण या वेळी अर्ध्यावर येऊन थांबलेलं. हीच खरी खूण, टाकी पूर्ण रिकामी होत असेल तर बुडाशी बघायचं, अधेमध्ये थांबत असेल तर त्याच उंचीवर तडा आहे. आणि नुसतं पाणी मारतानाच गळत असेल तर टाकी सोडा, नळी किंवा तिचा जोड बघा. आमच्याकडे बोल्ट लागतो त्या कानाशी केसाएवढा तडा होता, रबराची गळती मोठी म्हणून हा लपून राहिला होता.

आता टाकी काढावीच लागली. सियागंज बाजारातून पंचवीस वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न आणलं, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं म्हणजे तो पुढे सरकत नाही, मग तड्यावर खाच करून त्यात तसंच प्लास्टिक वितळवून भरलं. तसंच म्हणजे तसंच हं! श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला त्रिकोणात ५ आकडा होता, तोच पॉलीप्रॉपिलीनचा, त्याच्या पट्ट्या कापल्या. हे प्लास्टिक साधारण १६० अंशाला वितळतं आणि आयर्नचं टोक त्याच्या दुप्पट तापतं, एका जागी धरलंत की भोक. पहिला तासभर नुसता डब्याच्या झाकणावर हात बसवला. गच्चीत करा, धूर वाईट असतो.

दिसायला भयंकर दिसतं, पण मेची गरमी गेली, पावसाळा गेला, आता थंडी सुरू आहे, जोड जसाच्या तसा. खरी परीक्षा श्रावणात ओंकारेश्वरला जाताना झाली. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात समोरच्या ट्रकने लाल चिखलाचा असा सडा मारला की समोरचं काही दिसेना, लिव्हर ओढला आणि दोन फेऱ्यांत काच साफ. बाबा शेजारी बसलेले, काही बोलले नाहीत, नुसतं "हं" केलं.

तक्रार एकच, ती पण माझीच. आधी बोअरचं पाणी भरत होतो, त्याने नोझलमध्ये पांढरा क्षार धरला, सुईने काढावा लागला. उन्हाळ्यात एसीचं ठिबकलेलं पाणी गाळून भरलं, आता आरओचं भरतो, आरओचं वाया जाणारं नाही, त्यात तर क्षार जास्तच. त्या सुईच्या भानगडीत डावं नोझल जरा वर वळलंय, परवा पलासियाच्या सिग्नलवर काच धुतली तर फवारा छतावरून मागच्या स्कूटरवाल्या काकांच्या चष्म्यावर. रविवारी तेवढं खाली करायचंय.